जुन्या दप्तरांतील धान्याची धारण आणि पर्जन्यमान

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराचें वर्णन करितांना, तेथें पर्जन्य मोजण्यासाठीं एक अरत्नि तोंडाचें कुंड ठेवावें, असें सांगितलें आहे. पाऊस मोजण्याचें साधन ज्योतिष्याच्या घरीं न ठेवतां धान्याच्या कोठारांत ठेवावयाचें, यांत मोठें मर्म आहे. पुढें त्याच अधिकरणांत अश्मकाचें पर्जन्यमान साडेतेरा द्रोण व अवंतीचें तेवीस द्रोण दिलें असून, अपरांतास, म्हणजे कोंकणास, मोजच नाहीं असें म्हटलें आहे. अश्मक हा गोदातीरचा प्रदेश. पाऊस आणि कोठार यांचा हिशेब एकत्र ठेवण्याची ही दृष्टि आम्हां संशोधकांसही उपयोगी आहे, हें दाखविण्याचा या टिपणाचा हेतु आहे.

हिंदुस्थानच्या हवामानखात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. त्यापूर्वींच्या शतकांत आपल्याकडे पाऊस कसा पडला, हें जाणण्यास जीं साधनें आहेत त्यांत धान्याची धारण हें एक मुख्य होय. पत्रांतून, रोजकीर्दींतून व वाण्यांच्या वह्यांतून ती विखुरलेली आहे. परंतु ती वाचतांना सावधपणा हवा. आज आपण मणास किंवा किलोस रुपये किती, असें विचारतों. जुने लोक रुपयास पायल्या किती, असें लिहीत. म्हणून आंकडा उतरला कीं महर्गता चढली असें समजावें. समजा, बारा पायल्यांची धारण सहांवर आली, तर भाव दुप्पट झाला. सहांची तीनांवर आली, तर उतार केवळ तीन पायल्यांचा, पण भाव पुन्हा दुप्पट. आंकडा जितका लहान, तितका त्यांतील किंचित् फरक गरिबास अधिक प्राणघातक. शिवाय पायली गांवोगांवची निराळी आणि रुपयाही एका टांकसाळीचा नव्हे.

दुसरी सावधगिरी कारणांविषयीं. इ. स. १८०३-०४ (शके १७२५) च्या दुष्काळाची धारण पाहून केवळ अवर्षणाचा निष्कर्ष काढणें चुकीचें ठरेल. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं हडपसरावर पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुढें सैन्यांनीं मुलूख लुटला, उभीं पिकें नेलीं, आणि त्यावर १८०३ च्या उत्तरार्धांत पावसानें ओढ दिली. तेथें धारणेवर मेघांइतकीच घोडदळाचीही मुद्रा आहे.

१८७६-७८ (शके १७९८ पासून) चें उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेव्हां मुलखांत युद्ध नव्हतें, आणि मुंबईहून सोलापुरावरून रायचुरास जाणारा लोहमार्ग १८७१ सालींच पुरा झाला होता. प्रशांत महासागराचें पृष्ठजल तापण्याची, ‘एल् निनो’ म्हणून ओळखली जाणारी, अवस्था त्या सुमारास अत्यंत प्रबळ होती. दख्खनेंत पीक बुडालें. आगगाडीनें धान्य आलें, पण मजुराच्या हातीं तें विकत घेण्यास पैसा नव्हता. त्याच आगगाडीनें जेथें पीक बरें होतें तेथील भावही चढविले. लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें व्यापारांत हात घालण्याचें नाकारलें. देशांतून गहूं बाहेर जातच राहिला. सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुषाची दुष्काळी मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी उतरविली, तेव्हां मजुरांनीं कामें सोडलीं व पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. ब्रिटिश मुलखांत या दुष्काळानें पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं, असा १८८० च्या दुष्काळ मंडळाचा अजमास आहे. पाऊस गेल्यानें पीक गेलें. माणसें गेलीं तीं धारणेच्या आणि मजुरीच्या मधल्या दरींत.

हा विषय केवळ गतकालाचा नाहीं. १८५०-१९०० च्या मानानें पृथ्वीचें तापमान आज एक अंश सेंटिग्रेडहून अधिक वाढलें आहे. २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्टांत कोरडा ठरला. परंतु बासमतीखेरीज पांढऱ्या तांदुळाची निर्यात सरकारनें २० जुलै रोजींच बंद केली होती. ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला आणि डिसेंबरांत निर्यातच थांबली; शहरांतील ग्राहकास आधार झाला, नाशिककडील शेतकऱ्याचा भाव मात्र पडला. पुढील शतकांतील संशोधकानें या वर्षाचे भाव पाहून पावसाचा अंदाज बांधावयाचा झाल्यास त्याच्या हातीं हे हुकूमही असले पाहिजेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. शिक्कामोर्तबाच्या सनदा आपण जपतों. किराणा दुकानाच्या वह्या आणि देवस्थानच्या कोठीचे जमाखर्च रद्दींत जातात. सनदेची नक्कल दुसऱ्या दप्तरांत सांपडूं शकते, वाण्याच्या वहीची सांपडत नाहीं. अशी वही हातीं आल्यास तिथि, शक, गांव, धान्याची जात, माप व नाणें यांसह प्रत्येक धारण उतरून घ्यावी, आणि त्याच वर्षाच्या पावसाचा, फौजेचा वा हुकुमाचा उल्लेख मिळाल्यास तो शेजारीं लिहावा. कुंड व कोठार एकत्र ठेवण्याचा कौटिल्याचा नियम निदान एवढ्यापुरता तरी आपणांस पाळतां येईल.