माफ झालेले कर्ज आणि उत्पन्नाचा अर्थ

'कर्जमाफी' हा शब्द आपल्याकडे उच्चारला, की दुष्काळ आणि सातबारा ओघानेच आठवतात. अमेरिकी करकायद्याला मात्र त्यातून वेगळेच दिसते. माफ झालेले कर्ज हे त्याच्या लेखी उत्पन्न असते. १९३१ साली कर्बी लंबर कंपनीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका घेतली. कंपनीने स्वतःचे कर्जरोखे कमी किमतीत परत घेतले होते. त्यात वाचलेली रक्कम करपात्र आहे, असे न्यायमूर्ती होम्स यांनी मोजक्या शब्दांत सांगितले.

२०२० च्या साथीत या तत्त्वाची कसोटी लागली. २७ मार्च रोजी संमत झालेल्या 'केअर्स' कायद्याने लहान व्यावसायिकांसाठी वेतन-संरक्षण कर्जे उपलब्ध केली. ही रक्कम मुख्यतः पगार आणि शिवाय भाडे, वीजबिल यांवर खर्चल्यास कर्ज माफ होणार होते. माफ झालेली रक्कम उत्पन्न धरू नये, असेही कायद्याने स्पष्ट केले होते. पहिले ३४९ अब्ज डॉलर दोन आठवड्यांच्या आतच संपले.

परंतु ३० एप्रिलला करखात्याने खुलासा केला, की ज्या खर्चामुळे कर्ज माफ होईल, त्या खर्चाची वजावट मिळणार नाही. समजा, एखाद्या केशकर्तनालयाच्या मालकाने ४०,००० डॉलर कर्ज घेऊन ते सारे पगारावर खर्चले. वजावट नाकारली, की त्याचा करपात्र नफा तेवढ्याच रकमेने वाढतो. म्हणजे पुढच्या दाराने नाकारलेला कर मागच्या दाराने आत येतो. आणि ते पैसे तर केव्हाच कारागिरांच्या घरी गेलेले असतात.

खात्याचा तर्क अगदीच पोकळ नव्हता. करमुक्त पैशातून केलेल्या खर्चावर पुन्हा वजावट देणे हा दुहेरी लाभच होय. तथापि कायदा करणाऱ्यांचा हेतू निराळा होता, असे काँग्रेसमधील दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठ सदस्यांनी कळवले. अखेर २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही वजावट मान्य केली. तोवर आठ महिने दुकानदारांना आपल्या वर्षाचा हिशेब निश्चितपणे मांडता आला नव्हता.

शब्द आणि हेतू यांतील अंतर हा आपण साहित्याच्या वर्गात चर्चेचा विषय मानतो. येथे त्या अंतराची किंमत डॉलरमध्ये मोजली जात होती. 'माफी' हा शब्द नीतीच्या भाषेतला, 'उत्पन्न' हा खतावणीतला. शासन या दोन्ही भाषा एकाच वेळी बोलते, तेव्हा संकटातल्या माणसाला त्यांचा अर्थ आधी समजणे, हाही साहाय्याचाच भाग असतो.