खामगांवचा कापूस आणि परक्यांचा भाव

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर जलंब नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. तेथून फुटणारा फांटा अवघे आठ मैल धांवून खामगांवास पोचतो आणि तेथेंच संपतो. एवढ्याशा फांट्याच्या उद्‌घाटनासाठीं इ. स. १८७० मध्यें हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले होते. घाटाखालच्या या बाजारगांवीं येण्याचें साम्राज्याच्या मुख्य अधिकाऱ्यास काय अगत्य होतें, याचा उलगडा केला म्हणजे एखाद्या राष्ट्राचें आर्थिक बळ कशांत असतें, हेंही बरेंचसें उलगडतें.

आजच्या बुलढाणा जिल्ह्यास उद्योगधंद्याची ओळख इंग्रजांनीं करून दिली असें मात्र कोणी समजूं नये. लोणारच्या परिसरांत कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें मिळतात, अशी नोंद अकबराच्या कारकीर्दीतील ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत आहे. मेहकरचीं धोतरें आणि देऊळगांव राजाचें रेशमी विणकाम यांचा लौकिक दूरवर होता. कापूस पिके, पण बराचसा घरच्या चरख्यावर व गांवच्या मागावर खपे. उरलेला लमाणांच्या बैलांवरून गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जाई. विकाजी-पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५-२६ सालीं पांचशें बैल लादून वऱ्हाडचा कापूस मुंबईस धाडला. त्याच सुमारास खामगांवांत कांहीं दुकानदारांनीं तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा व्यापार आरंभिला होता. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आला, त्या वेळीं स्थिति ही अशी होती.

पुढें १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमारानें तीं बंदरें रोखतांच गिरण्या थंडावल्या व मजुरांच्या चुली विझल्या. हिंदी कापसाचा भाव तिपटी-चौपटीनें चढला. मुंबईंत शेअरांचा सट्टा माजला आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. वऱ्हाडांतील कुणब्याच्या हातीं त्यांतला कांहीं पैसा आला खरा; पण १८६५ च्या वसंतांत युद्ध संपलें आणि भाव कोसळला. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. ज्या युद्धानें येथील शेतकऱ्यास चार दिवस सुगीचे दाखविले, त्याचें त्यानें नांवही ऐकलें नसेल.

या संधीचा आपणांस कायमचा लाभ कां झाला नाहीं? दोष सर्वस्वीं परक्यांचा नव्हता, हें मी विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत आलों. आपला कापूस आंखूड धाग्याचा, आणि मध्यस्थांच्या हातून जातांना त्यांत सरकी, माती, प्रसंगीं पाणीही मिसळलें जाई. ही लबाडी आवरण्यासाठीं मुंबई सरकारला १८६३ मध्यें कायदा करावा लागला. हिंदी कापसास विलायतेंत सरसकट ‘सुरत’ म्हणत, व त्या नांवाची अपकीर्ति एवढी झाली होती कीं, आपल्या दारूस कोणी ‘सुरत’ म्हटल्यावरून एका इंग्रज दारूवाल्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद केल्याची हकीकत त्या काळच्या लिखाणांत आढळते! बाजारांत नांव एकदां गेलें म्हणजे चांगला मालही त्या नांवाखालीं मातीमोल होतो.

आतां पुन्हा खामगांवाकडे वळूं. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपुरास पोचला होता, १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आणि पाठोपाठ समुद्रांतून तारही आली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानें तारेनें मागणी करावी आणि सुमारें सहा आठवड्यांत वऱ्हाडची गासडी त्याच्या धक्क्यावर उतरावी, इतकी सोय झाली. परंतु हा मार्ग एकाच दिशेनें चालण्यासाठीं बांधला नव्हता. कापूस खात्याचे इंग्रज कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं त्या सुमारास स्पष्टपणें लिहिलें आहे कीं, फांटा झाला म्हणजे विलायती कापड येथील कापडाहून स्वस्त विकतां येईल; मग येथें सुतासाठीं खर्च होणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणारे-विणणारे लोक शेतमजुरीस मिळतील. शत्रूचा डाव इतक्या प्रांजळपणें लिहिलेला इतिहासांत क्वचितच सांपडतो. डाव बराचसा साधला. मेहकरकडचे माग ओस पडत गेले. इकडे खामगांवीं जिन-प्रेसच्या चिमण्या उभ्या राहिल्या व परदेशी पेढ्यांचे खरेदीदार येऊन बसले. शेतकऱ्यानेंही आपल्या परीनें हिशेब केला. तलम पण नाजूक ‘बनी’ जातीपेक्षां आंखूड, परंतु हमखास पिकणारी ‘जरी’ त्यानें पसंत केली. त्यास मी मूर्ख म्हणणार नाहीं. जोखीम त्याच्या एकट्याच्या माथीं होती.

त्या आंखूड कापसास गिऱ्हाईक मिळालें तें जपानचें. १८९३ मध्यें जमशेटजी टाटा आणि एक जपानी कंपनी यांनीं मुंबई-जपान आगबोटी सुरू केल्या. जपानापाशीं स्वतःचा कापूस जवळजवळ नव्हता. त्यानें आमचा घेतला, मिश्रण करून कातला, विणला, आणि चाळीस वर्षांत तेंच कापड मुंबईच्या गिरण्यांस भारी झालें. १९३३ सालीं हिंदुस्थान सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ केली. तेव्हां जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. अखेर १९३४ मध्यें करार झाला : जपाननें १० लक्ष गासड्या घेतल्यास ३२॥ कोटी वार, आणि १५ लक्ष घेतल्यास ४० कोटी वार कापड त्यास येथें आणतां यावें. दोन सरकारांच्या तागडींत वऱ्हाडचा आंखूड धागा असा वजन म्हणून पडला होता.

हा धडा शिकवितांना एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, कापूस आपला, राबणंही आपलं, मंग भाव त्यायचा कसा?” मी त्यास घरचें बोंड आणावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गानें धागा ताणून फूटपट्टीवर मोजला. जुनी जरी पाऊण इंचाच्या आसपास असे. हा एक इंचाहून अधिक भरला. मुलें हरखलीं. त्या मुलाच्या घरीं मात्र सीतादही करून वेचलेला कापूस गाडींत भरून तसाच उभा होता. खामगांवचा भाव कळल्यावांचून बैल जुंपावयाचे नाहींत, असें त्याच्या वडिलांनीं ठरविलें होतें.