बाळंतपणाला माहेरी आलेली मुशी

परवा नातू सुट्टीला आला होता. संगणकावर अंगभर ठिपके असलेला एक प्रचंड मासा दाखवून म्हणाला, "आजोबा, हा व्हेल शार्क." मी लगेच म्हणालो, "म्हणजे देवमासाच की! सस्तन प्राणी." तो हसायलाच लागला.

मंडळी, मी इतिहासाचा मास्तर. पण विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, आणि हेच चुकीचं ज्ञान मी बऱ्याच वर्गांना ठासून दिलं आहे. आम्ही गोदाकाठची माणसं, समुद्र आम्हाला पुस्तकातलाच. असो. आता वाचून लिहितो.

शार्कला कोकणात मुशी म्हणतात. व्हेल शार्क ही मुशीच, कल्ल्यांनी श्वास घेणारी. मादी चाळीस फुटांची, म्हणजे आपल्या एस.टी.एवढी होऊ शकते. तोंडात हजारो दात, पण इवलेसे, चावायच्या कामाचे नाहीत. तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांतल्या चाळणीतून गाळायचं आणि अडकलेले सूक्ष्म जीव, अंडी, लहान मासे गिळायचे. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात ३०० पिल्लं निघाली! पाकिस्तानच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका मुशीचं वय शास्त्रज्ञांनी हाडांसारख्या कूर्चेवरून काढलं, ते निघालं ५० वर्षं.

आपल्या किनाऱ्याला ही पाहुणी नवी नाही. एस. एच. प्रेटर यांनी १९४१ सालीच मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हिच्यावर सविस्तर लेख लिहिला होता.

पुढची हकीकत सौराष्ट्राची. तिथले कोळी पूर्वी हिच्या यकृताचं तेल होड्यांना लावत, पाणी झिरपू नये म्हणून. १९९० नंतर परदेशात मांसाला भाव आला आणि शिकार वाढली. आकड्याच्या दोराला पिंपं बांधायची. ती ओढून ओढून जनावर थकायचं. म्हणून तिचं नावच 'बॅरल' पडलं. ज्यानं मारायचं, त्याचंच नाव! माइक पांडे यांनी २००० साली यावर माहितीपट काढला आणि २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. आपल्या देशात असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा.

पण नुसत्या कायद्यानं काय होतं? २००४ साली मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. नाव दिलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. तेव्हापासून त्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो मुशी सोडल्या. जाळं म्हणजे कोळ्याचा बैल, एवढं आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना कळतं. आपल्याकडेही २०१८ पासून जाळं कापून असा संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला कांदळवन कक्षामार्फत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाबांनो, वहीत दुरुस्ती करून घ्या. तो मासाच आहे.