नस, मज्जा आणि चेता

कुष्ठरोगाच्या कामाची वर्धा जिल्ह्याला जुनी ओळख आहे. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये दत्तपूरला ते सुरू केलं. या रोगाची तपासणी करणारा डॉक्टर रुग्णाचा कोपर वाकवून आतल्या बाजूला बोटांनी चाचपतो. रोग तिथे उतरला असेल, तर दोरीसारखी जाड नस हाताला लागते. रुग्णही तिला नसच म्हणतो. पण तो रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, आणि पोटरीत गोळा आला तरी त्याची नसच चढते.

हसायचं कारण नाही. ग्रीकांच्या ‘न्यूरॉन’चा जुना अर्थ शिरेचा दोर, धनुष्याची प्रत्यंचा असाच होता. आपला ‘स्नायू’ त्याच कुळातला. मराठीत तो मांसाकडे गेला. बंगालीत मात्र आजही संवेदना वाहतो. त्या कामासाठी मराठीनं ‘मज्जातंतू’ घडवला. मज्जा म्हणजे हाडातला गर, सात धातूंपैकी सहावा. तिचा इराणी भाऊबंद ‘मग्ज’ फारसीतून आला आणि ‘मगज’ झाला. तेव्हा मज्जातंतू आणि मगजमारी यांचं गोत्र एकच!

दोर काय, गर काय, ही सगळी कापून पाहणाऱ्यांची नावं. आतून धावतं ते डोळ्यांना दिसत नाही. त्याचा वेग मोजता येणारच नाही, असं शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर सांगत. त्यांच्याच शिष्यानं, हेल्महोल्ट्झनं, 1850 च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत तो मोजला: सेकंदाला साधारण 30 मीटर. आजही रीत तीच. नसेवर दोन ठिकाणी विजेचा हलका झटका द्यायचा, आणि मधल्या अंतराला स्नायूच्या प्रतिसादाच्या वेळेतल्या फरकानं भागायचं. निरोगी हातात उत्तर 50 मीटरच्या वर येतं. कुष्ठरोगाचे जंतू तंतूंवरचं वेष्टण करणाऱ्या पेशींतच शिरतात. वेष्टण बिघडलं की वेग उतरतो, कधी कधी बधिरपणा जाणवण्याआधीच.

पाठ्यपुस्तकांत आता ‘चेतापेशी’ असते. परिभाषाकारांच्या मनात चेतनाच असणार. मला मात्र त्यात चूल चेतवणं ऐकू येतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये मांडलेली मज्जातंतूतल्या विजेची समीकरणं नेमकं हेच सांगतात. विजेचा दाब थोडा चढला तर जागीच विझतो; उंबरठा ओलांडला की पुरता पेट घेतो, आणि पेटलेला भाग पुढच्याला पेटवत जातो. माझं मत ‘चेता’ला. दवाखान्यात मात्र तो शब्द पोचलेला नाही. तिथे वेगाच्या या तपासणीला कागदावर ‘एनसीव्ही’ आणि तोंडी ‘नस’.