वऱ्हाडातील अपंगत्वाची नावे

नांदगाव पेठेसारख्या अमरावतीलगतच्या गावांत अपंग माणसाची ओळख सांगणारे शब्द बोलीतून आले, तसेच सरकारी दप्तरातूनही आले. आंधळा, पांगळा, मुका, बहिरा हे बोलीतले शब्द जुने असून एकनाथांच्या भारुडांत ते आध्यात्मिक अवस्थांची रूपके म्हणून येतात. माणसाच्या नावाऐवजी ते हाकेत वापरले गेले की मात्र त्यांत हेटाळणी शिरते. दप्तराची भाषा वेगळी होती. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेल्यानंतर, 1881 च्या जनगणनेत वेडे, जन्मतः मूकबधिर, दोन्ही डोळ्यांनी अंध आणि कुष्ठरोगी अशा वर्गांची मोजदाद झाली व व्याधी हीच शासनाच्या लेखी ओळख ठरली.

1881 मध्येच अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या तत्त्वचिंतकाला लोकांनी 'प्रज्ञाचक्षू', म्हणजे बुद्धी हाच ज्याचा डोळा आहे असा, हे विशेषण लावले. शब्द आदराचा खरा, परंतु तो विद्वत्तेला मिळाला होता. गावातला सामान्य अंध माणूस आंधळाच राहिला.

संस्थांच्या नावांत जुने शब्द अधिक काळ टिकतात. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये अमरावतीच्या तपोवनात ज्या कुष्ठरुग्णांसाठी काम उभारले, त्यांना तेव्हा सर्रास 'महारोगी' म्हणत, आणि तो शब्द विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या नावात राहिला. पुढे कायद्याने मात्र 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' असा वर्ग मानला, ज्यात आजार मागे पडून माणूस पुढे येतो.

अपंगांच्या हक्कांविषयीच्या 1995 च्या कायद्यातला मराठी शब्द 'अपंग व्यक्ती' असा होता. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग', म्हणजे दिव्य अंग असलेला, हा शब्द सुचवला, तेव्हा हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या समितीनेही 2019 मध्ये तो वादग्रस्त ठरवला. हरकत रास्त होती, कारण 'प्रज्ञाचक्षू' निदान एका माणसाने कमावले होते, तर 'दिव्यांग' सर्वांवर सारखेच लादले गेले, आणि दिव्यत्व बहाल केल्याने कचेरीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला जात नाही. तरीही 2022 मध्ये महाराष्ट्राने स्थापन केलेल्या स्वतंत्र खात्याचे नाव 'दिव्यांग कल्याण विभाग' असेच ठेवण्यात आले.