झिजलेली पाठ आणि पुराव्याचे ओझे

कामठीची छावणी १८२१ सालची. वर्षानुवर्षे पाठीवर ओझे वाहणाऱ्या जवानाचा मणका झिजतो, गुडघे धरतात. आणि वैद्यकीय मंडळ लिहिते, ‘सेवेशी संबंध नाही.’ गोळीची जखम दिसते, झीज दिसत नाही. गिरणीकामगारांचेही हेच झाले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघात आणि थोडे ठराविक रोग मानले. झिजलेली पाठ त्या यादीत नव्हती.

जवानासाठी २००९ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ लावला : भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. २०२३ मध्ये नियम बदलले. म्हणून निवृत्तीचे साल आधी पाहावे. नकाराचा कागद फाडू नका. अपिलाची सुरुवात त्याच कागदापासून होते.