क्लच प्लेटच्या निमित्ताने

मागचा शनिवार मी गाडीखाली घालवला. म्हणजे खरोखरच गाडीखाली, पाठीला पोतं आणि तोंडावर ग्रीस!

खडवलीला मामाच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये 1986 सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. क्लच घसरायला लागला आणि तेव्हापासून ती जागची हलली नव्हती. सोमवारी भंगारवाला येणार होता. शुक्रवारी रात्री मामाचा फोन. "माझे गुडघे आता गाडीखाली जायचे नाहीत. तू इंजिनियर ना? मग ये." मी कॉम्प्युटरचा इंजिनियर आहे हे त्याला किती वर्षं सांगतोय. असो. सकाळची कसारा लोकल पकडली.

आता क्लच प्लेट ही वस्तू बसते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवायचा. पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ताकद जाते मागच्या चाकांना, म्हणजे आधी मधला लांब प्रोपेलर शाफ्ट काढायचा. मामा खुर्ची टाकून बसला आणि तिथूनच हुकूम सोडायला लागला. बॅटरीची वायर काढ. गाडी घोड्यांवर घे, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. ऑइल काढ. आणि शाफ्टचे बोल्ट खोलायच्या आधी दोन्ही फ्लँजवर खूण कर, म्हणजे बसवताना होता तसाच बसेल. नाहीतर बॅलन्स जातो आणि गाडी थरथरते.

खूण करायला फडक्याने फ्लँज पुसली, तर तिथे आधीच पंचचे दोन ठिपके समोरासमोर! "माझेच आहेत," मामा म्हणाला. "तू जन्मायच्या आधीचे."

इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक दिला, गिअरच्या दांड्या आणि मीटरची केबल सोडवली, हाउसिंगचे बोल्ट काढले आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढला. तो तिरका लटकता कामा नये, नाहीतर शाफ्ट वाकतो. खाली आल्यावर पोत्यावर ठेवला. हुश्श! काळाकुट्ट, तेलकट डबा. त्याच्याकडे बघताना प्रश्न पडला: हा डबा आपल्याकडे बनायला कधी लागला?

त्यासाठी कुर्ल्याच्या आधी शिवडीला जावं लागतं. 1928 साली जनरल मोटर्सने तिथे कारखाना काढला. फोर्डचीही भारतात अशीच कामं होती. परदेशातून गाडीचे सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने यायचे आणि इथे ते जोडले जायचे. थोडक्यात, मी शनिवारी जे केलं त्याच्या बरोबर उलटं. आपल्या आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. दुसऱ्याची लायब्ररी आणायची, जोडायची आणि 'आम्ही बनवलं' म्हणायचं :)

वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या क्रायस्लरच्या होत्या आणि तीही सुरुवातीला जोडणीच होती. खरं वळण आलं 1953 मध्ये. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने सांगितलं की टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवायचा कार्यक्रम असेल तर राहा, नुसती जोडणी करायची असेल तर निघा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघाल्या. प्रीमियर राहिली आणि तिने इटलीच्या फियाटची 1100 हातात घेतली.

जोडणं आणि बनवणं यांतला फरक गिअरबॉक्सइतका दुसरीकडे क्वचितच दिसतो. गिअरचे दात अचूक कापावे लागतात. मग भट्टीत त्यांचा फक्त वरचा थर कडक करायचा. आतला गाभा चिवट राहिला पाहिजे, नाहीतर झटका बसला की दात तुटतो. हे करायला मशीन लागतं, पोलाद लागतं आणि मुख्य म्हणजे हात तयार व्हावे लागतात. ते हात घडायला वर्षं गेली. 1964 पासून इथे 1100 डिलाइट बनली आणि 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवाना राजमध्ये स्पर्धाच नव्हती. लोक गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, मग गाडी बदलायची गरज कोणाला? तेच 1089 सीसीचं इंजिन चालत राहिलं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिची ताकद पुढच्याच चाकांना, मधला लांब शाफ्टच नाही! पुढे 1994 मध्ये प्रीमियरने आपल्या इथेच, कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात, फ्रेंच प्यूजो 309 आणली. तीही पुढच्या चाकांवर चालणारी. तो प्रयोग काही वर्षांतच आटोपला. 2000 च्या सुमारास पद्मिनी बनायची थांबली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली.

म्हणजे ते धोरण फसलं का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण गाडी न बदलण्याचा एक फायदा असा झाला की नाक्यानाक्यावरच्या मेकॅनिकला ती पाठ झाली. मामा कुठल्या कॉलेजात गेला नाही. कल्याणच्या एका गॅरेजात बाराव्या वर्षी पाने पुसायला लागला आणि याच गिअरबॉक्सवर शिकला. कुर्ल्यात जे हात घडले त्यांची नोंद कंपनीच्या इतिहासात तरी असेल. खडवली-टिटवाळ्यापर्यंत जे घडले त्यांची कुठे आहे? त्या दोन ठिपक्यांत आहे, बस्स.

सोमवारी भंगारवाला आला. मामाने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. रविवारी मी नवी प्लेट घेऊन गेलो. गिअरबॉक्स चढवला, शाफ्ट लावला, ठिपक्याला ठिपका जुळवला. मामा म्हणाला, "शेजारी तुझा पण एक मार." मी पंच घेतला आणि मारला. थोडा वाकडा गेला. चालतंय म्हणाला.